हानाबाईंच्या पुस्तकाचं कव्हर

विलायतेहून परत आलेल्या माणसानं काय सांगायचं, हे आमच्या सांगलीत ठरून गेलेलं आहे. राणीचा राजवाडा, थेम्सवरचा उघडणारा पूल, मेणाचे पुतळे आणि हाडं गोठवणारी थंडी. मीही त्याच तयारीनं गेलो होतो. वाचनालयाच्या दिवाळी हस्तलिखितात माझं प्रवासवर्णन येणार, असं मी निघण्याआधीच फळ्यावर लागलं होतं आणि ते लावायला मीच सांगितलं होतं. पूल पाहिला, पुतळे पाहिले, थंडीही पोटभर वाजली. पण लिहायला बसलो की डोळ्यांपुढे एकच पुस्तक येतं आणि मान खाली जाते. तेव्हा पुलाचं वर्णन ज्यांना हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं.

मी निवृत्त शिक्षक. हायस्कुलात मराठी शिकवलं आणि शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. माझा खरा लौकिक मात्र पुस्तकांना कव्हर घालण्यात. शाळा सुरू व्हायच्या सुमारास गल्लीतली पोरं वह्या-पुस्तकांचे गठ्ठे घेऊन आमच्या ओट्यावर रांग लावतात. खाकी कागद, कोपऱ्याला दुमड, पाठीला खाच, वर पांढरं लेबल आणि लेबलावर माझं अक्षर. या अक्षराचं कौतुक शिक्षणाधिकाऱ्यांनीसुद्धा केलेलं आहे. हे सांगताना आता जीभ जड होते, पण सांगायला हवं. पुढे जे झालं ते या कौतुकापायीच झालं.

स्लाऊ

आमचा मुलगा प्रसाद रीडिंगला राहतो आणि बेसिंगस्टोकला एका कॉम्प्युटर कंपनीत जातो. रविवारी भाजीला स्लाऊ, हा त्याच्या घरचा नेम. स्लाऊला गाडीतून उतरलं की अर्धा जीव भांड्यात पडतो. पंजाबी दुकानदार, बाहेर मांडलेल्या भेंड्या, कढीपत्त्याचा वास. फक्त किमती वाचायच्या नाहीत, असं सूनबाईनं बजावलेलं होतं.

मी अर्थातच वाचल्या. कोथिंबिरीची एक मलूल जुडी उचलून सौ.ला म्हणालो, "ही बघ, आपल्याकडे शेळीसुद्धा हिच्याकडे वळून बघणार नाही."

"मग नका घेऊ," मागून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं. "नेक्स्ट शॉपमध्ये फ्रेश आहे. अळूची पानंही येतात सन्डेला."

बुटकेसे, लोकरी टोपी घातलेले, थंडीनं नाक लाल झालेले एक वृद्ध गृहस्थ होते. मला वाटलं असतील कुणी मुंबईचे परांजपे-बिरांजपे. ते हसले. "मी एलायजा. आम्ही अलिबागकडचे. शनवार तेली ऐकलंय ना? ते आम्ही." म्हणजे बेने इस्राएल, कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा. एलायजाभाऊ तरुणपणीच मुंबईहून इकडे आले, स्लाऊच्या कारखान्यात नोकरी केली आणि आता रीडिंगलाच, आमच्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर राहत होते. बायको प्रागची, हाना नावाची. "पण डाळभात माझ्यापेक्षा जास्त खाते," ते म्हणाले. "या ना चहाला. प्रॉपर उकळलेला, बॅग बुडवलेला नाही. कधी याल? मंडेला, साडेतीन?"

आपल्याकडे माणूस नुसता 'या हं कधीतरी' म्हणतो आणि आपण कधीतरी उगवतो. तिथे कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी उभं राहून खिशातल्या डायरीत साडेतीन लिहून घेतात. मला गंमत वाटली. घरी जाताना गाडीत मी त्याची नक्कलही करून दाखवली.

एलायजाभाऊंकडे

एका भिंतीला दुसरं घर चिकटलेलं अशी ती लांबच लांब रांग होती. पुढच्या खोलीत गॅसची शेगडी, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या आणि कोपऱ्यात टीव्ही. चहा खरोखरच उकळलेला होता, आलं घालून. एलायजाभाऊंनी स्वतः मलिदा केला होता. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि वर केळ्याचे काप. हानाबाईंनी खसखशीचा काळाभोर केक केला होता. आमच्या सौ.नं केकची कृती विचारली आणि दोघी स्वयंपाकघराच्या दारात हातवाऱ्यांनी बोलायला लागल्या.

हानाबाई उंच, सरळ पाठीच्या, बोटं मात्र संधिवातानं वाकलेली. त्या इंग्रजीत बोलायच्या. माझं इंग्रजी मास्तरी, त्यामुळे अडलं की एलायजाभाऊ मराठीत सांगायचे. इथे मी सगळं मराठीतच लिहितो आहे.

टीव्हीवर बोस्नियाच्या बातम्या चालू होत्या. त्या दिवसांत रोजच असायच्या. एका शहरातलं जळून गेलेलं ग्रंथालय दाखवत होते. छप्पर उडालेलं, आत राखेचे ढीग. मी आपला हळहळलो. हानाबाईंनी टीव्ही बंद केला आणि कपाटातून एक पुस्तक काढून मांडीवर घेतलं.

"शुक्रवारी जवळच्या शाळेत जाणार आहे," त्या म्हणाल्या. "मुलांशी बोलायला. आजवर कुणाशी बोलले नाही. पण या बातम्या बघून वाटलं, आता गप्प बसायचं नाही."

"पहिल्यांदाच," एलायजाभाऊ मला मराठीत म्हणाले. "आम्हाला मुलं नाहीत. मला पण इतक्या वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं तिनं. हे पुस्तक हातात असेल तरच बोलेन म्हणते."

पुस्तक म्हणजे शाळेतला साधा भूगोल, चेक भाषेतला. त्यांनी एक चित्र दाखवलं. बंदर, गलबतं, नारळाची झाडं. खाली मुंबईचं नाव.

"लढाईत जर्मन सैन्यानं आम्हाला प्रागहून काढून एका तटबंदीच्या गावात कोंडलं होतं. सगळे यहुदी. मी बारा वर्षांची. आमच्या खोलीत सगळ्या मुली. शिकवायला बंदी होती. हे पुस्तक एकीनं गादीत घालून आणलं. सापडलं तर सगळंच जाईल, म्हणून आम्ही ते उसवलं आणि पानं वाटून घेतली. कुणाकडे आफ्रिका, कुणाकडे उत्तर ध्रुव. माझ्याकडे हिंदुस्थान. रोज संध्याकाळी एकीनं आपल्या देशाबद्दल सांगायचं. पण तिथून नुकतंच परत आल्यासारखं सांगायचं, असा नियम."

"परत आल्यासारखं?"

"हो. गेले होते, हे पाहिलं, हे खाल्लं, बोटीत उलटी झाली आणि आता घरी आले. देश कुठलाही चालायचा. परत येता येतं, एवढंच आम्हाला ऐकायचं असायचं. ते ऐकलं की झोप लागायची." त्यांनी पुस्तकाच्या कव्हरावर हात ठेवला. "आणि हे कव्हर..."

"कव्हराचं म्हणाल तर," मी म्हणालो, आणि सुरू झालो.

आमच्या शाळेचं ग्रंथालय, उधईपासून मी वाचवलेली कपाटं, माझी खाकी कव्हरं, शिक्षणाधिकारी, सगळं. एलायजाभाऊ बिचारे भाषांतर करत राहिले. सौ.नं दोनदा घसा खाकरला. हानाबाई हसून ऐकत होत्या, हात तसाच कव्हरावर. मी थांबलो तोपर्यंत चहा गार झाला होता आणि त्यांचं ते वाक्य राहून गेलं होतं. नंतरही मी ते पुन्हा विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही, हे जास्त खरं.

निघताना त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. "तुम्हाला हे काम येतं म्हणता. याची आतली शिवण सुटली आहे आणि माझी बोटं आता सुई धरत नाहीत. शुक्रवारच्या आत जमेल? फक्त शिवण."

एलायजाभाऊंनीही तेच मराठीत सांगितलं, "फक्त शिवण हं, मास्तर."

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "निर्धास्त असा."

प्रसादच्या स्वयंपाकघरात

दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर मी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. दाभण मिळालं नाही, म्हणून जाड सुई. दोरा मेणबत्तीवरून ओढून घेतला. शिवण मी खरोखर चांगली घातली. त्याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

मग पुस्तक मिटलं आणि कव्हराकडे नीट बघितलं. कव्हर कसलं, ठिगळांचं फडकं होतं. निळी पट्टी, करड्या लोकरीचा तुकडा, ठिपक्यांचं काहीतरी, एका कोपऱ्यात तपकिरी चौकडा. टाके वेडेवाकडे, कापड तेलकट, हात लागून लागून काळं पडलेलं, वास येणारं. माझ्या मनात आलं, बाई शुक्रवारी शाळेत जाणार, शेकडो पोरांपुढे हे लक्तर धरणार. आपण नव्या वर्षी मुलाला नवा गणवेश घालतो, तसं या पुस्तकालाही घालू. पुस्तक म्हणजे आतली पानं. कव्हर काय, दरवर्षी बदलायचंच असतं.

"अहो, त्यांना विचारलंत का?" सौ. म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? बघ तरी किती घाण झालंय."

"बघितलं. म्हणूनच म्हणते, एवढं घाण होईपर्यंत कुणी उगाच ठेवलं नसेल."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती शाळेत नव्हती ना, तिला काय कळणार, असं मनातल्या मनात म्हटलंसुद्धा. कात्रीनं टाके कापले, कापड सोडवलं, सूनबाईच्या चांगल्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवली आणि पार्सलच्या खाकी कागदाचं असं कव्हर घातलं, की सांगलीत असतो तर चार लोकांना बोलावून दाखवलं असतं. वर लेबल. लेबलावर वळणदार देवनागरीत 'हाना'. फडकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकलं, आणि बुधवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा पिशवी फाटकाशी नेऊन ठेवायचं कामही मीच हौसेनं केलं. गाडीवाल्याला हात केला. त्यानंही मला हात केला.

गुरुवार

गुरुवारी दुपारी मी एकटाच गेलो. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर दोरी. हानाबाईंनी दारातच दोरी सोडली. पुस्तक उघडून शिवण बघितली, मान हलवली. मग मिटून उलटंसुलटं केलं. वर्तमानपत्राच्या घडीत बोटं घालून पाहिली.

"कापड कुठे आहे?"

"ते टाकलं," मी म्हणालो. अजून हसतच होतो. "काळजी नको. हा कागद मजबूत आहे."

"कुठे टाकलं?"

"कचऱ्यात. काल गाडी घेऊन गेली."

दाराला लागूनच जिना होता, त्याच्या खालच्या पायरीवर त्या बसल्या आणि पुस्तक पोटाशी धरलं. एलायजाभाऊ आतून आले. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, मग माझ्याकडे.

"मास्तर," ते म्हणाले, "काय केलंत हो हे?"

मग त्यांनी मला मराठीत सांगितलं. तिथेच, दारात उभं राहून. आपल्या भाषेत सांगितलं म्हणून एक शब्दही निसटायला जागा राहिली नाही.

"त्या गावातून आगगाड्या जायच्या पूर्वेकडे, मृत्युछावण्यांकडे. गेलेलं कुणी परत यायचं नाही. ज्या मुलीचा नंबर लागला तिनं आपली पानं खोलीत परत द्यायची. आणि जाताना स्वतःच्या अंगावरच्या कपड्याचा एक तुकडा. फ्रॉकचा घेर, कोटाचं अस्तर, काहीही. हाना शिवणकामाच्या खोलीत कामाला होती, तिला सुई मिळायची. ती एकेक तुकडा जोडत गेली. शेवटी सगळी पानं तिच्याकडे जमली. पुस्तक पुरं झालं, मास्तर. पुस्तक पुरं झालं म्हणजे खोली रिकामी झाली."

मला वाटतं मी 'सॉरी' म्हणालो. इंग्रजीत. तिथे धक्का लागला तरी म्हणतात, तो शब्द. दुसरा सुचला नाही.

घरी येऊन प्रसादला ऑफिसात फोन केला. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. वाटेत कौन्सिलला फोन करून कचरा कुठे जातो ते विचारून घेतलं होतं. गाडीत माझा पट्टा लावून दिला. मग म्हणाला, "बाबा, शी टोल्ड यू. फक्त शिवण. विचारायचं तरी!"

"हो रे," मी म्हणालो.

कचरा डेपो गावाबाहेर होता. फाटकावर नारिंगी जॅकेट घातलेला माणूस. प्रसादनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं. कालचा कचरा गाडीतच दाबला जातो, मग खड्ड्यात, वर माती, असं म्हणाला. आत जाता येणार नाही. मी तरीही कुंपणाच्या तारा धरून उभा राहिलो. पलीकडे मातीचे सपाट थर आणि त्यांवर समुद्रपक्षी. आमच्याकडे उकिरड्यावर कुणी ना कुणी कचरा उपसत असतं. कापडाची चिंधी तर कुणी सोडत नाही. कुणाच्या तरी गाठोड्यात ती सापडली असती, मी दारोदार हिंडून शोधली असती. इंग्लंडची स्वच्छता मी पत्रांतून केवढी वाखाणली होती! त्या दिवशी तिचा मला राग आला. नंतर लक्षात आलं, राग तिचा नव्हता.

"बाबा, चला," प्रसाद म्हणाला. "इट्स गॉन."

संध्याकाळी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. या वेळी सौ. बरोबर आली. मी सांगितलं नव्हतं, ती आपणहून चपला घालून निघाली. हानाबाई टेबलाशी बसल्या होत्या, पुढे माझ्या खाकी कव्हरातलं पुस्तक. मी म्हणालो, सापडलं नाही. म्हणालो, हा कागद तरी काढतो. हात पुढेही केला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "उघडं पुस्तक नेऊ का मुलांपुढे?" मग लेबलावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"तुमचं नाव."

"हे पुस्तक माझं एकटीचं नाही. बाकीच्यांची लिहा."

एलायजाभाऊंनी पेन दिलं. हानाबाईंनी पुस्तक फिरवून माझ्यापुढे ठेवलं आणि खाकी कागदावर एकेका जागी वाकडं बोट टेकवत गेल्या. "इथे निळं होतं. एव्हा. आफ्रिकेहून आली की सिंहांचे आवाज काढायची." मी लिहिलं, एव्हा. "इथे करडी लोकर. रूथ, उत्तर ध्रुव. तिला कायम थंडी वाजायची, तरी तिनं तेच मागून घेतलं." रूथ. "हे ठिपक्यांचं, मिलेना. ब्राझील." मिलेना. नावांमागून नावं येत होती. माझ्या अक्षराकडे बघायची मला लाज वाटत होती, तरी लिहीत होतो. सौ. शेजारी बसून डोळे पुसत होती.

बोट शेवटच्या कोपऱ्यात आलं.

"इथे तपकिरी चौकडा," हानाबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

त्यांनी डोळे मिटले, अंगठा कागदावर फिरवला. कोऱ्या कागदाची खरखर झाली. पुन्हा फिरवला.

"ती उशिरा आली आणि लगेच गेली. दोनच पानं होती तिच्याकडे. तिचं नाव मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. अंगठा कापडावर ठेवला की चेहरा दिसायचा. दात थोडे पुढे होते." अंगठा कागदावरच होता. "आता दिसत नाही."

"काय लिहू?" मी विचारलं.

"तपकिरी चौकडा लिहा."

मी लिहिलं.

शुक्रवारी त्यांनी मलाही शाळेत नेलं. मी जाऊ नये असं मला वाटत होतं, पण त्या म्हणाल्या, ही अक्षरं कसली असं मुलांनी विचारलं तर वाचून दाखवायला कुणीतरी हवं. मी मागच्या बाकावर बसलो. मुलं जमिनीवर मांडी घालून, अगदी शांत. हानाबाईंनी खोलीची, पानांची, परत आल्याच्या गोष्टींची सगळी हकिगत सांगितली. मी सोमवारी तोडलेलं वाक्यही त्यांनी तिथे पुरं केलं. मग कव्हरावर बोट ठेवून एकेक नाव घेतलं. कोपऱ्याशी येऊन 'ब्राऊन चेक' म्हणाल्या, तेव्हा पुढच्या एका मुलीनं हात वर केला. "पण तिचं नाव काय?"

हानाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. कापड कुणी टाकलं ते खोलीतल्या कुणालाही कळू दिलं नाही. "हरवलं," एवढंच म्हणाल्या.

मी प्रवासाला जाऊन आलो, पूल पाहिला, मलिदा खाल्ला, कोथिंबिरीची चेष्टा केली आणि सुखरूप घरी परत आलो. ती दोन पानांची मुलगी परत आली नाही. तिचा जगात उरलेला बोटभर तुकडा एका बाईनं पन्नास वर्षं जपला होता, आणि तो मी, सांगलीच्या मास्तरानं, घाण दिसतो म्हणून कचऱ्यात टाकला.